गणपतीच्या छायाचित्रात फ्लॅशचा प्रकाश कमी कसा करावा?

प्रश्न (गिरगाव):
चाळीतल्या आमच्या खोलीत गणपतीची आरास भिंतीलगत असते आणि छायाचित्र काढणाऱ्याला मूर्तीपासून जेमतेम दीड मीटर मागे सरकता येते. कॅमेऱ्यातल्याच फ्लॅशने मूर्तीचा चेहरा पांढराफटक येतो, मुकुटावरचे सोनेरी नक्षीकाम दिसेनासे होते आणि मखरामागची दिव्यांची माळ मात्र काळोखात बुडते. शटरचा वेग वाढवूनही चेहऱ्यात काहीच फरक पडला नाही. फ्लॅश बंद न करता त्याची तीव्रता कमी करता येते का?

उत्तर (दादर):
येते. शटरच्या वेगाने चेहऱ्यात फरक पडत नाही, कारण फ्लॅशचा लखलखाट साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो आणि तेवढा वेळ शटर पूर्ण उघडेच असते. वेग वाढवल्याने केवळ माळेचा प्रकाश कमी नोंदवला जातो, त्यामुळे पार्श्वभूमी उलट अधिकच काळी होते. मेन्यूत विजेच्या खुणेशेजारी अधिक-उणे असे चिन्ह असते, तेथे उणे एक केल्यास फ्लॅशचा प्रकाश निम्मा होतो आणि उणे दोन केल्यास चौथाई. बऱ्याच कॅमेऱ्यांत पूर्ण ऑटोवर ही सोय मिळत नाही, म्हणून आधी डायल 'पी'वर (प्रोग्रॅम मोडवर) न्यावी. मूळ दोष असा की, चौकटीत काळोख जास्त असला की कॅमेरा सगळेच दृश्य अंधारे समजून फ्लॅशचा जोर वाढवतो.

प्रश्नकर्ता (गिरगाव):
'पी'वर उणे एक केल्यावर मुकुटाची नक्षी स्पष्ट उमटली, मनापासून आभार. माळ मात्र अजूनही अंधारातच आहे.

उत्तर (मुलुंड):
माळेसाठी स्लो सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबरच शटर जास्त वेळ उघडे ठेवणारा फ्लॅश मोड, वापरावा. त्यात शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतका किंवा त्याहून अधिक वेळ उघडे राहते, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर, निदान स्टुलावर तरी, टेकवून ठेवावा. आरती सुरू असताना हा खटाटोप करू नये, कारण टाळ वाजवणारे हात धूसर येतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) ४०० ते ८०० ठेवल्यास माळ उजळते आणि फ्लॅशलाही कमी प्रकाश टाकावा लागतो. इतक्या जवळून तरीही चेहरा उजळच येत असेल, तर फ्लॅशवर पांढऱ्या टिश्यू पेपरचा एक पदर धरावा. त्याने प्रकाश कमी होईल, सावल्या मात्र फारशा मऊ होणार नाहीत. त्यासाठी वेगळा फ्लॅश घेऊन तो छताकडे वळवणेच माझ्या मते योग्य, फक्त छत पांढरे हवे, कारण निळ्या किंवा हिरव्या छताचा रंग थेट मूर्तीवर उतरतो.