चिनी नावांची यादी 'अकारविल्हे' म्हणावी का?

तळटीप: चिनी लेखसंग्रहाचा अनुवाद करतेय. शेवटच्या लेखकसूचीखाली लिहिलंय की नावं आडनावाच्या 'बिहुआ'प्रमाणे लावली आहेत, म्हणजे अक्षर लिहायला किती स्ट्रोक लागतात त्या चढत्या क्रमाने. डिंग (२), मग वांग (४), मग ली (७). मी 'रेघांच्या संख्येनुसार' लिहिलं. संपादकांनी खोडून 'अकारविल्हे' केलं. पटत नाहीये. काय लिहू?

कानामात्रा: अकारविल्हे साफ चूक! तिथे अकारच नाही. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकचं संचलन आठवा. प्रथेप्रमाणे आधी ग्रीस, आणि पाठोपाठ थेट गिनी. चिनीत गिनीचं पहिलं अक्षर दोनच स्ट्रोकचं. ऑस्ट्रेलिया पार शेवटी. मागे फक्त झांबिया आणि यजमान चीन.

बोरू: पण 'रेघ'ही नको. चिनी शिकताना 'तोंड' हे अक्षर, म्हणजे निव्वळ चौकोन, मी चार रेघांत काढलं. बाईंनी वही परत दिली. तीनच! डावी उभी, वरची आडवी, जी कोपऱ्यात हात न उचलता तशीच खाली वळते, मग तळाची. म्हणून 'फटकारा' म्हणा.

जुनीवही: फटकारा चित्रकाराचा, सूचीत शोभत नाही. आणि 'अकारविल्हे'चा इतका कीस कशाला? शाई म्हणजे मुळात काळी, तरी आपण निळी शाई म्हणतोच. रुळलेला शब्द राहू द्या.

कानामात्रा: इथे नाही चालणार. अकारविल्हे म्हटलंत तर वाचक डिंग, ली, वांग असा क्रम धरेल आणि वांग आधी दिसला की छपाईची चूक समजेल. रोमन लिपीतल्या पिनयिनप्रमाणे लावलं तरी ली आधीच येतो.

बोरू: जुन्या कोशांत तर आधी गट शोधायचा. १७१६च्या कांगशी कोशात ४७,०००हून जास्त अक्षरं २१४ गटांत आहेत, आणि गटाच्या आत पुन्हा फटकारे मोजायचे. 'आई'चं अक्षर म्हणजे 'बाई' आणि शेजारी 'घोडा'. ते सापडतं 'बाई'च्या गटात; 'घोडा' फक्त उच्चार सांगतो. या गटचिन्हाला काहीजण 'धातू' म्हणतात, ते मला खुपतं. धातू क्रियापदाचा असतो.

जुनीवही: 'मूलक' म्हणा मग.

कानामात्रा: मूलक रसायनशास्त्राने नेला. 'गटशीर्ष' म्हणा, मूळ चिनी शब्दही 'विभागाचं डोकं' असाच आहे.

जुनीवही: चिनी राहू द्या, आपलं तरी कुठे ठरलंय? माझ्याकडच्या दोन कोशांत 'क्षमा' दोन जागी आहे. एकात क-खाली, एकात ह-नंतर.

तळटीप: प्रुफं उद्या परत द्यायची आहेत. रेघ की फटकारा?

बोरू: क्ष हे जोडाक्षर आहे. क-खालीच हवं.