काकूंचा डबा गूगलवर दिसेना

(सोसायटी ग्रुप, डोंबिवली पूर्व. रविवार सकाळ)

सी-304 काकू: कोणी जागं आहे का? गूगलमधून बोलतोय म्हणून एकाचा फोन आला. 8,000 रुपये भरा, तुमचा डबा पहिल्या नंबरावर आणतो म्हणाला. आजच शेवटचा दिवस आहे म्हणे. भरू का?

ए-601 ताई: काकू, थांबा! एक रुपया देऊ नका. पैसे घेऊन कोणाला वर आणणं असा प्रकार गूगलकडे नाही. पैसे भरून दिसते ती जाहिरात, तिच्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. तुमचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि नकाशावर दिसणारी डब्याची माहिती, फुकट आहे.

बी-102 काका: मला असा फोन आला की मी त्यालाच एलआयसीची पॉलिसी सांगायला बसतो. परत येत नाही.

सी-404: पण काकू, मी आत्ता 'पोळीभाजी डबा' टाकलं, तुमचंच पहिलं आलं!

ए-601 ताई: तू काकूंच्या डोक्यावर राहतोस रे. शोधणारा कुठे आहे त्यावर बरंच ठरतं. स्टेशनकडे गेलास की बघ.

सी-304 काकू: भाच्याने दोन वर्षांपूर्वी काढून दिलं होतं ते. तेव्हापासून हातच लावला नाही.

ए-601 ताई: बघितलं मी. नाव काय ठेवलंय त्याने! 'काकूंचा डबा बेस्ट पोळीभाजी केंद्र डोंबिवली ईस्ट नंबर वन'. पिशवीवर जे छापता तेवढंच नाव पाहिजे. जास्तीचं कोंबलं आणि कोणी तक्रार केली तर अख्खं प्रोफाइल बंद पडू शकतं. आणि प्रकार टाकलाय 'रेस्टॉरंट'.

सी-304 काकू: अगं म्हणूनच! परवा एक जण विचारत होता, चौघांसाठी टेबल मिळेल का. मी म्हटलं सोफा आहे.

सेक्रेटरी: हाच माझा मुद्दा आहे. लोक गेटवर येऊन वॉचमनशी वाद घालतात. घरगुती व्यवसायाला ना नाही, पण नकाशावर सोसायटीचा पत्ता नको.

ए-601 ताई: साहेब, त्यालाही उपाय आहे. काकू डबा घरपोच देतात ना? मग पत्ता लपवायचा आणि कुठल्या भागांत डबा जातो ते टाकायचं. 20 भागांपर्यंत टाकता येतात, पण उगाच ठाणे-कल्याण भरू नका, मुलगा सायकलवर जातो. भाग वाढवले म्हणून तिकडे वर दिसाल असंही नाही.

आता ऐका, माझं रोजचं कामच हे आहे. गूगल तीन गोष्टी बघतं: माणसाने जे शोधलं ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती जवळ आहात आणि लोकांत तुमची किती ओळख आहे. जवळ-लांब तुमच्या हातात नाही. पहिली गोष्ट पूर्ण हातात आहे आणि तिथेच सगळं रिकामं आहे. प्रकारांच्या यादीत डब्याच्या सगळ्यात जवळचा असेल तो निवडा. मेनूत एकेक पदार्थ टाका: ज्वारीची भाकरी, थालीपीठ, उपासाचा डबा, उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ. नुसतं 'घरगुती जेवण' लिहून मोदक शोधणाऱ्याला कळणार कसं? फोटो तुमच्याच डब्याचे हवेत, नेटवरचे नकोत. सध्या तिथे पंजाबी थाळी दिसतेय. दुसऱ्या एका साइटवर तुमचा बंद झालेला लँडलाइन आहे, तोही बदलून घेऊ. गणपतीत सुट्टी घेता तेव्हा तशी वेळ टाकायची.

बी-102 काका: एवढं कशाला? आपली 84 घरं. आज रात्री 9 ला सगळ्यांनी पाच-पाच तारे ठोका.

ए-601 ताई: काका, नका हो. खाल्लं नाही त्याने लिहिणं म्हणजे खोटा रिव्ह्यू. असे रिव्ह्यू गूगल काढून टाकतं, वर प्रोफाइलवरही कारवाई होऊ शकते. ज्यांच्याकडे खरंच डबा येतो त्यांनी सवडीने लिहा, काय खाल्लं तेही लिहा.

सी-404: रिव्ह्यूवर एक पुरणपोळी फुकट ठेवली तर?

ए-601 ताई: तेही नियमात बसत नाही. डब्याच्या झाकणावर क्यूआर चिकटवून 'कसं वाटलं ते लिहा' एवढं म्हणायला हरकत नाही.

सी-304 काकू: एकाने एक तारा दिलाय, भाजी खारट म्हणून. तो काढता येईल का?

ए-601 ताई: शिवीगाळ किंवा खोटं असेल तर तक्रार करता येते. हा खारट म्हणतोय फक्त. खरंच होती का?

सी-304 काकू: होती गं. त्या दिवशी दोनदा मीठ पडलं.

ए-601 ताई: मग तसंच लिहा खाली. तुमच्या शब्दांत.

सी-404: फडके रोडवर आलोय. खाली खाली करत गेलो, काकू अजून दिसल्या नाहीत 🙈

सेक्रेटरी: पत्ता आजच लपवा. आणि उद्या टाकी साफ होणार, 11 ते 2 पाणी नाही.

सी-304 काकू: अगं बाई, मग डबे 10 च्या आत करायला हवेत. फोटो काढायला कोण येतंय? उद्या दुधी आहे.

सी-404: मी परवा येतो.