वाचन अडलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांना रोज वीस मिनिटं ऑनलाइन शिकवणी: गोव्यात हवी की नको?

वाळपईची मावशी
माझा भाचा सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत. गेल्या गणेश चवथीला, तो तिसरीत असताना, त्याला जवळ घेऊन पुस्तक उघडलं. चित्र कुत्र्याचं, खाली शब्द 'कुत्रा'. त्यानं मोठ्यानं वाचलं, 'सुणें', म्हणजे कोंकणीत कुत्रा. मी तळव्यानं चित्र झाकलं आणि पुन्हा विचारलं. मान खाली घालून म्हणाला, 'म्हाका येना', मला येत नाही. दोन वर्षं पोर चित्रं वाचत होतं आणि कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी पणजीहून रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करते. वीस मिनिटं, फक्त तो आणि मी. पहिला महिना नुसता काना. पाटीवर 'कप' लिहून दाखवायचं, मग एक काना वाढवून 'काप'. एका काठीनं शब्द बदलतो हे त्याला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तो स्वतःच पाटी घेऊन बसला. आता छोटी गोष्ट वाचतो. रफार आला की अजून थबकतो.

माझं म्हणणं असं, की अडलेल्या प्रत्येक मुलाला हे शाळेच्या वेळेतच मिळावं. मुलांना तिसरीपर्यंत वाचन-गणित यावं यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 मध्ये आलं. तिसरीच्या अखेरीस मुलानं मिनिटाला निदान 60 शब्द समजून वाचावेत, ही त्यातली अपेक्षा. चार वर्ग सांभाळणाऱ्या एका शिक्षकानं प्रत्येक मुलाला वीस मिनिटं द्यायची तरी कुठून? अमेरिकेत टेक्ससमधल्या शाळांत बालवाडी ते दुसरीच्या मुलांना अशी ऑनलाइन शिकवणी दिली आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ती तपासली. मुलांचं वाचन सुधारलं. एका शिक्षकापुढे दोन मुलं होती तिथे फायदा कमी दिसला, एकेकट्याला शिकवलं तिथे जास्त.

प्राथमिक शिक्षक, 27 वर्षं
ताई, तुम्ही भाच्यासाठी केलंत ते मोलाचं आहे. पण तो तुमचा भाचा आहे. तो रुसला तर का रुसला ते तुम्हाला आवाजावरून कळतं. परक्या माणसाला पडद्यावरून काय कळणार?

मूल वाचत असताना मी त्याच्या बोटाकडे बघतो. बोट 'आई'वर आणि तोंड 'बाबा'पर्यंत गेलेलं असलं, की समजायचं, धडा पाठ आहे, वाचता येत नाही. तुमच्या भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच कुणी पाहिलं नसणार. कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, बोट दिसत नाही.

माझ्याकडे पहिली ते चौथी एकाच खोलीत आहे. वर माध्यान्ह आहाराच्या नोंदी, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं. ही कामं काढून घ्या, रोज तीन मुलांना वीस-वीस मिनिटं मीच देतो. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या राजवटीत वाड्यावाड्यांवर मराठी शाळा निघाल्या, आणि त्या शाळांत माणूस पाठवला गेला. आज शाळेत पडदा आला की दुसऱ्या शिक्षकाची मागणी कायमची फायलीत जाईल, ही माझी भीती आहे.

वाळपईची मावशी
सर, बोटाचं तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत. मलाही ते दीड महिन्यानं सुचलं. आता बहीण मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून पुस्तकाकडे वाकवते. पान आणि बोट दोन्ही दिसतात, तोंड दिसत नाही. वाचन झालं की शेवटी दोन मिनिटं तोंड.
शिक्षक नेमू नका असं मी म्हणतच नाही. पण नेमणूक होईपर्यंत आजची दुसरी चौथीत पोचते.

नेत्रावळीकर
कोविडात आमच्याकडची पोरं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसायची, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आजही पावसात वीज गेली की थोड्या वेळानं टॉवर जातो. या शिकवणीत खरं महत्त्व 'रोज' या शब्दाला आहे ना? जून ते सप्टेंबर तो 'रोज' आमच्याकडे टिकणार नाही. आठवडाभर खंड पडला की पोर जोडाक्षरावरून परत बाराखडीवर येतं. म्हणजे ज्यांना गरज जास्त, तेच पुन्हा मागे.
साध्या फोनचा विचार करा. 2020 मध्ये शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोत्स्वानात एका संस्थेच्या शिकवणाऱ्यांनी आठवड्याला एक साधा फोन आणि मेसेज करून गणित घेतलं आणि मुलांची प्रगती झाली. दोघांकडे एकच पुस्तक हवं, बस.

वास्कोची बाई
फोनवर आकडेमोड जमेल, पहिलीचं वाचन अवघड. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च वेगळा, 'न' आणि 'ण' वेगळा. स्वस्तातल्या मोबाईलच्या स्पीकरवर माझ्याच कानाला तो फरक कळत नाही, मुलाला काय कळणार?

पण मला याहून मोठा प्रश्न वाटतो तो, शिकवणार कोण? माझ्या वर्गात निम्मी मुलं घरी कन्नड किंवा हिंदी बोलतात, उरलेली कोंकणी. 'पाणी' शब्द पाहून मूल 'उदक' म्हणालं, तर शिकवणाऱ्याला कळलं पाहिजे, की अर्थ पोचलाय आणि अक्षर राहिलंय. बाहेरगावचा शिकवणारा नुसतं 'चूक' म्हणेल. दोनदा चूक ऐकलेलं मूल तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही, हे मी रोज बघते. त्यामुळे मुलं इथल्याच माणसांच्या हाती द्या. पर्वरीच्या डाएटमधल्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतल्या विद्यार्थिनी का नकोत? त्यांनाही शिकवण्याचा सराव होईल.

फोंड्याचा बाबा
माझा विरोध आहे. सहा वर्षांच्या मुलीच्या हातून मोबाईल काढताना आमच्या घरी रोज रडारड होते. आता शाळेनंच तो हातात द्यायचा? शेजारची आजी पेपर वाचते, तिच्यापाशी बसवा.

वास्कोची बाई
दादा, आजी असेल तर तिच्यापाशीच बसवा, त्याहून चांगलं काही नाही. माझ्या मुलांचे आईबाप पहाटे कामाला जातात आणि आजी विजापूरला आहे.

प्राथमिक शिक्षक, 27 वर्षं
बाईंचा मुद्दा पटला. तरी माझी अट आहे, मुलं मी निवडणार आणि वर्षभर शिकवणारं माणूस एकच राहणार. दर महिन्याला आवाज बदलला तर मूल बुजतं. दुसऱ्या शिक्षकाची मागणी मी सोडणार नाही.
ताई, माझ्याकडे दुसरीत एक मुलगी आहे. 'ई'ची वेलांटी कुठल्या बाजूला हेच तिला ठरवता येत नाही. सोमवारपासून सकाळी पावणेदहाला तुम्ही मोकळ्या असाल तर सांगा. मोबाईल माझा वापरू, पालकांशी मी बोलतो.

वाळपईची मावशी
सर, मोकळी आहे. तिचं पुस्तक कोणतं आणि कितव्या पानावर अडलीय, तेवढं कळवा.