विमानाच्या फोटोत इंजिनामागच्या झळा नंतर घालायच्या का?

चिकलठाणा_लेन्स
परवा ग्रुपवर चिकलठाण्याहून उडणाऱ्या ए३२० निओ या प्रवासी विमानाचा फोटो आला. इंजिनामागं हवा थरथरतेय, नुसत्या लाटा. सगळे "कडक, कडक" करत सुटले. मूळ फाईल मी आधी पाहिली होती, त्यात यातलं काहीच नव्हतं. उजेड वाढवा, तिरकं क्षितिज सरळ करा, माझी ना नाही. पण जे फोटोत आलंच नाही ते घरी बसून घालायचं असेल तर खाली तसं लिहा.

जालनेकर_जयू
फोटो माझाच हाय. आणि झळा नव्हत्या कशा? इंजिन काय बंद होतं? गरम हवा विरळ होती, तिच्यातून प्रकाश वाकतो अन् मागचं हलताना दिसतं. उभं राहून बघणाऱ्याला ते दिसतंच. शटर १/१००० सेकंदाला ठेवलं की सगळं थिजतं अन् ती मजा जाती. मी तीच परत आणली. कामून एवढा राग?

चिकलठाणा_लेन्स
१/१००० ला झळ जात नाही हो, उलट स्वच्छ येते. मागं कुंपणाचा खांब असेल तर त्याची कड चुरगळलेली, दातेरी दिसते. तुमच्या फोटोत नुसता पुसटपणा आहे.

परभणी_पिक्सल
घालावं की नाही ते राहू द्या, घातलंय तेच चुकलंय. इंजिनामागं कोरं निळं आकाश! तिथं झळ दिसणार कशात? वाकायला मागं एखादी रेघ, कड काहीतरी पाहिजे ना.

दुसरं, आपल्या बाजूच्या इंजिनाचा झोत कॅमेरा आणि चाकांच्या मधे येतो, म्हणजे हलायला पाहिजे चाक. पंखाचं टोक झोताच्या अलीकडं, ते धारदारच राहणार. जयूभाऊंनी टोक पुसलं आणि चाक कोरीव ठेवलं. पलीकडच्या इंजिनाचा झोत तर धडाच्या मागं, तो धडाला हातच लावू शकत नाही.

आणि प्रमाण? निओला लीप इंजिन (तिला मिळणाऱ्या दोन इंजिनांतलं एक) असेल तर गाभ्यातून १ भाग हवा जाते तेव्हा साधारण ११ भाग बाहेरून, न जळता जाते. तापलेला झोत मधे, भोवती थंड हवेचं वेष्टण. इथं तर नाकापेक्षा मोती जड झालाय, जणू लढाऊ विमानाचा मागून ज्वाळा फेकणारा आफ्टरबर्नर.

करायचंच तर गॉशियन ब्लर, म्हणजे सरसकट पुसणं, सोडा. नॉइजचा, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांचा, करडा थर करून त्याप्रमाणे चित्र इकडंतिकडं सरकवणारा डिस्प्लेस फिल्टर लावा. नोझलपाशी, म्हणजे इंजिनाच्या मागच्या तोंडाशी, बारीक सुरकुत्या, मागं जाता जाता मोठ्या आणि मंद. शेवटी त्या पट्ट्यात ग्रेन (फोटोतले बारीक दाणे) परत टाका, नाहीतर तेवढाच भाग प्लास्टिकचा दिसतो.

बीड_थ्रीडी
मी विमानांची थ्रीडी चित्रं करते. माझ्याकडं इंजिनच खोटं, तिथं झळ घातली नाही तर विमान शोकेसमधलं वाटतं. मला हा नियम लावू नका बरं.

चिकलठाणा_लेन्स
ताई, तुमचं चित्र कुणी फोटो समजत नाही. वाद फोटोचा चाललाय.

लातूरचा_बघ्या
मला गंमत वाटते ती वेगळीच. मे महिन्यात दुपारी धावपट्टी एवढी तापते की अख्खं विमान वितळल्यागत दिसतं. ते फोटो तुम्ही डिलीट मारता अन् पुढच्या टायमाला सकाळी सातला जाता. म्हणजे खरी झळ टाळायची, खोटी विकत आणायची!

जालनेकर_जयू
जमिनीची झळ सगळंच खाती भाऊ, शेपटीवरचं नावसुद्धा वाचता येत नाही. इंजिनाची तेवढ्या पट्ट्यातच राहती. दोन्ही एकाच तराजूत कशाला?

परभणीवाल्यांचं चाकाचं म्हणणं मात्र खरंय, बसत नव्हतं तिथं. मूळ फाईल पाठवतो, करून दाखवा.

परभणी_पिक्सल
पाठवा. पण आकाशात काही घालणार नाही, आधीच सांगतो.

चिकलठाणा_लेन्स
आणि खाली ओळ?

जालनेकर_जयू
नाही लिहिणार. ओळ लिहिली की लोकं फोटो सोडून तेवढीच वाचत बसतात. कुणी विचारलं तर सांगतो ना.

चिकलठाणा_लेन्स
"कडक" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं?