जिममध्ये टप्पा गाठल्यावर तो घरच्यांसोबत कसा साजरा करावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

मी नागपूरची रहिवासी असून माझे वय 47 वर्षे आहे. प्रतापनगर परिसरातील एका जिममध्ये मी गेल्या चौदा महिन्यांपासून सकाळी सहाच्या बॅचला नियमितपणे जाते. मागच्या मंगळवारी मी आयुष्यात पहिल्यांदा 60 किलोची डेडलिफ्ट केली, म्हणजे जमिनीवर ठेवलेला वजनाचा बार दोन्ही हातांनी उचलून सरळ उभी राहिले. या गोष्टीचा मला मनापासून आनंद झाला आहे, परंतु तो कसा आणि कोणासोबत साजरा करावा हे मला उमगत नाही, म्हणून येथील अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

नियमित वजन उचलणाऱ्यांना 60 किलो हा आकडा मोठा वाटणार नाही. दोन वर्षांपूर्वी घरातले भरलेले सिलिंडर बाल्कनीतून ओट्यापर्यंत सरकवताना माझी कंबर अशी धरली की शेजारच्या मुलाला हाक मारावी लागली आणि पुढचे चार दिवस मला वाकून झाडूही मारता आला नाही. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच छापलेले असते. आमच्या टाकीवर ते 15.9 किलो होते, म्हणजे भरलेले सिलिंडर सुमारे 30 किलोंचे. म्हणजे मंगळवारी मी तशी दोन भरलेली सिलिंडर एकाच वेळी जमिनीवरून उचलली. त्याच सुमारास केलेल्या रक्ततपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे रक्तातील साखरेची सरासरी पातळी दाखवणारा आकडा, 6.1 टक्के आले होते. 5.7 ते 6.4 ही मधुमेहपूर्व अवस्था समजली जाते आणि नुसते चालणे पुरेसे नाही, ताकदीचा व्यायामही करा, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. जिमची पायरी मी त्यामुळे चढले.

पहिल्या चार महिन्यांत मी वजनाच्या प्लेट न लावलेल्या रिकाम्या लोखंडी बारपासून, म्हणजे 20 किलोपासून, 40 किलोपर्यंत पोहोचले. उरलेल्या 20 किलोंसाठी मात्र पुढचे दहा महिने लागले. सुरुवातीची वाढ बरीचशी मज्जातंतू आणि स्नायू यांना एकमेकांसोबत काम करण्याची सवय लागल्यामुळे होते आणि प्रत्यक्ष स्नायू वाढायला त्याहून अधिक वेळ लागतो, हे आमच्या ट्रेनरनी समजावले होते. तरीही ऐन मे महिन्यात, पहाटेसुद्धा अंगाची लाही होत असताना, सव्वा-सव्वा किलोच्या दोन लहान प्लेट बारवर चढवण्यासाठी पाच-पाच आठवडे थांबणे सोपे नव्हते.

मंगळवारी बारच्या दोन्ही बाजूंना 20 किलोची एकेक प्लेट होती. आमच्या जिममधील हलक्या प्लेट आकारानेही लहान असल्याने बार पुरेशा उंचीवर यावा म्हणून आजवर माझ्या प्लेटखाली रबरी लाद्या ठेवाव्या लागत. त्या दिवशी प्रथमच त्या लाद्या बाजूला सारून बार थेट जमिनीवर ठेवला गेला. बारवर हाताची पकड बसावी म्हणून किसणीसारखी बारीक खरखर असते. ती तळव्यांत रुतेपर्यंत मी बार धरला, श्वास पोटात भरला आणि हळूहळू ताण दिला. आधी प्लेटच्या भोकात बार टेकल्याचा ‘टक्’ असा आवाज आला. नंतर क्षणभर काहीच हलले नाही. मग बार नडग्यांना घासत गुडघ्यांच्या वर आला आणि मी सरळ उभी राहिले. खाली ठेवल्यावर बॅचमधल्या, माझ्या मुलीच्या वयाच्या एका मुलीने टाळ्या वाजवल्या, तेव्हा माझे डोळे भरून आले.

आता अडचण सांगते. आमच्या जिममध्येही टप्पे साजरे होतात, पण तिथे मोजले जाते ते केवळ कमी झालेले वजन. ज्यांचे पाच किंवा दहा किलो उतरले, त्यांचा फोटो भिंतीवर लागतो आणि केक कापला जातो. माझे वजन चौदा महिन्यांत फक्त तीन किलोंनी उतरले आहे. कंबर मात्र 94 सेंटिमीटरवरून 85 वर आली आहे. पाणी, मीठ आणि जेवण यांमुळे काट्यावरचा आकडा एका दिवसातही किलो-दीड किलो इकडे तिकडे होतो, त्यामुळे त्याच एका आकड्यावर कौतुक अवलंबून ठेवणे मला पटत नाही. शिवाय मागच्या दिवाळीत माझे जुने आणि नवे छायाचित्र शेजारीशेजारी लावून जिमच्या जाहिरातीत मला न विचारता वापरले गेले. मी लेखी कळवल्यावर ते काढून टाकण्यात आले, परंतु मला झालेला मनस्ताप अजून गेलेला नाही आणि तिथे आपला आनंद उघडपणे दाखवण्याची इच्छा उरलेली नाही.

घरी गोष्ट वेगळी आणि अधिक नाजूक आहे. माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत. घरात काहीही चांगले घडले की त्यांचा पहिला हात हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याकडे जातो. मंगळवारी मी सिलिंडरचा हिशेब सांगताच त्यांनी पुरण शिजवायला घेतले, स्वतः पोळ्या लाटल्या आणि ताटात तूप ओतत म्हणाल्या, “एवढं वजन उचलून राहिली तू, मग एक पोळी तरी पोटभर खा.” संध्याकाळी माझी मुलगी कौतुकाने संत्रा बर्फीचा डबा घेऊन आली. मी पोळी खाल्ली, बर्फीही खाल्ली, आणि दोन्ही आनंदाने खाल्ले. एका पोळीने काही बिघडत नाही हे मला ठाऊक आहे. पण एचबीएवनसी हा साधारण मागच्या दोन ते तीन महिन्यांच्या साखरेचा आरसा असतो. माझा आकडा आत्ता कुठे 5.6 वर आला आहे आणि सणवार तर वर्षभर चालूच असतात. प्रत्येक टप्प्याला गोडाची सांगड घालणे मला परवडणारे नाही. दुसरीकडे, सासूबाईंची पोळी नाकारणे म्हणजे माझ्यासाठी झालेला त्यांचा आनंद नाकारण्यासारखे आहे आणि ते माझ्याने होणार नाही. ज्या दिवशी माझी कंबर धरली होती, त्या दिवशी गरम पाण्याची पिशवी घेऊन रात्रभर माझ्याजवळ त्याच बसल्या होत्या.

आणखी एक शंका आहे. मागच्या नोव्हेंबरमध्ये लग्नाच्या वाढदिवशी स्वतःला भेट द्यायची म्हणून मी 52.5 किलो उचलायचे ठरवले होते. त्या आठवड्यात झोप नीट झालेली नव्हती, तरी तारीख ठरलेली असल्याने मी मागे हटले नाही. उचलताना पाठीला बाक आला, पाठीचा स्नायू दुखावला आणि तीन आठवडे जिम बंद ठेवावी लागली. तेव्हापासून तारखेला बांधलेला टप्पा मला धोक्याचा वाटतो. पण टप्पा कधी येणार हे आधी ठरवायचेच नाही म्हटले, तर घरच्यांना सोबत घेऊन काही योजताही येत नाही.

माझ्या मनात एक कल्पना आहे. येत्या थंडीत एका रविवारी सर्वांनी रामटेकला जावे. मी, यजमान आणि मुलगी यांनी अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी गडावर चढावे आणि सासूबाईंना गाडीने वर नेण्याची सोय करून मंदिरापाशी भेटावे. म्हणजे व्यायामाने मिळवलेली ताकद घरच्यांना प्रत्यक्ष दिसेल आणि सासूबाईंनाही त्यात मानाचे स्थान राहील. मात्र सणासारखे त्यांच्या हाताने काही घडावे, ही त्यांची गरज यातून भागेल का, याविषयी मी साशंक आहे.

ज्यांच्या घरी मधुमेह किंवा मधुमेहपूर्व अवस्था असलेली व्यक्ती आणि प्रेमाने खाऊ घालणारी वडीलधारी मंडळी दोन्ही आहेत, त्यांनी आनंदाच्या प्रसंगी कोणती वाट काढली? गोडाऐवजी पाटवडीसारखा डाळीचा पदार्थ करण्याची विनंती मी करून पाहणार आहे, पण ती कोणत्या शब्दांत केल्यास सासूबाई दुखावल्या जाणार नाहीत, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? तसेच वजन एकदा उचलले की टप्पा पूर्ण मानावा, की वेगवेगळ्या दिवशी तीनदा, पाठ सरळ ठेवून जमल्यावरच मानावा? मला दुसरा मार्ग योग्य वाटतो, कारण त्यात एका दिवसाची घाई राहत नाही आणि तिसरी खेप जवळ आली की घरी आधी सांगताही येते. तथापि अनेक वर्षे व्यायाम करणाऱ्यांचे मत मला ऐकायचे आहे.

60 किलोची दुसरी खेप या शनिवारी आहे आणि ती पाहायला सासूबाईंना सोबत नेण्याची परवानगी ट्रेनरनी दिली आहे. सकाळच्या त्या गर्दीत 74 वर्षांच्या व्यक्तीला बसवताना कोणती काळजी घ्यावी, हेही कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.