विषय: गावच्या घरापुढची लॉन काढून काय लावावं?

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या हिशेबात हे घुसडायला नको, म्हणून वेगळी मेल.

आर्णीजवळ शेतातल्या आमच्या घरापुढे, कंपाउंडच्या भिंतीला लागून ३० फूट लांब आणि ८ फूट रुंद लॉन आहे. बहिणीच्या लग्नात शोभा म्हणून धाकट्या भावानं कार्पेट लॉन आणून अंथरली. लग्न झालं, भाऊ पुण्याला गेला आणि लॉन बाबांच्या गळ्यात पडली. बाबा पंचाहत्तरीचे. मोटर शेतीच्या फीडरवर, म्हणजे आठवड्यातले काही दिवस लाईन रात्रीची. लॉनसाठी माणूस रात्री उठतो, हे काही मला पटत नाही.

इकडे पर्थला लोक लॉन खणून जमिनीलगत पसरणारी झाडं लावतात. तसं तिकडे काय जमेल? नर्सरीवाला म्हणतो वेडेलिया लावा, पिवळी फुलं येतात, बघायला नको.

– आर्णीवाला

*

आर्णीवाले भाऊ,

वेडेलिया नको रे बाप्पा! बघायला नको हे खरं आहे, कारण ती तुम्हाला विचारतच नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेनं जगातल्या सर्वात उपद्रवी १०० परक्या प्रजातींची यादी केली, तिच्यात हिचं नाव आहे. ओल मिळाली की नाल्यात उतरते, मग काढत बसा.

मी आता हिंगणघाटकडे कायमचा आलो, तरी मंडळाच्या मेल-यादीतून नाव काढलेलं नाही, ते अशा प्रश्नांसाठीच. आधी पाण्याचं बोलू. १ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. तुमची पट्टी साधारण २२ चौरस मीटर. मे महिन्यात लॉन हिरवी ठेवायला रोज सहा-सात मिलिमीटर तरी द्यावं लागतं, म्हणजे दीडशे लिटरच्या घरात. पारा ४५ वर गेल्यावर तेवढ्यानंही भागत नाही.

माझं मत जलपिंपळीकडे. नर्सरीत विचारू नका, नाल्याच्या काठी पहा. तलावाचं पाणी उतरतं तिथल्या ओलीवर जमिनीला चिकटून पसरलेली असते. पेरापेराला मुळं फुटतात, पानाच्या टोकाकडे करवतीसारखे दाते, बोटभर दांडीवर बारीक पांढरट-जांभळं फूल. फुकट मिळते. काळ्या मातीत पाय रोवते, उन्हाळ्यात मळकट होते, पण पावसात पुन्हा उठते. मे महिन्यातही हिरवंगार पाहिजे असेल तर मात्र हिच्या नादी लागू नका.

खरं काम लॉन काढायचं आहे, आणि लॉनपेक्षा तिच्यात शिरलेल्या हरळीचं आणि लव्हाळ्याचं. एप्रिलात पाणी तोडा. वाळली की टिकासानं ढेकळं उलटी पाडा आणि महिनाभर मुळ्या उन्हात उघड्या राहू द्या. उन्हाळी नांगरटीत हरळीचं आपण दुसरं काय करतो? लव्हाळ्याच्या गाठी उन्हानं सगळ्या मरत नाहीत. पावसानंतर उगवतील तशा खुरप्यानं गाठीसकट काढायच्या, ढेकळावरून नुसतं ओढलं की गाठ खालीच राहते. तणनाशकाचं कोणी सुचवेल. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. अडीचशे चौरस फुटांसाठी उघड्या हातापायांच्या मजुराच्या पाठीवर पंप द्यायचा नाही, असं माझं पक्कं आहे.

लावणी मृगात घाई करून नको. दोन-तीन दमदार पाऊस झाले, भेगा बुजल्या, की वीतभर कांड्या फुटाफुटावर टोचा. दोनशे पुरतात. मधल्या जागेत सोयाबीनचं कुटार पातळ पसरा, तण दबतं. भिंतीला कुटार लागू देऊ नका, उधई चढते.

आणि भिंतीलगत दोन फूट काहीच लावू नका. मुरूम दाबा, वर गिट्टी. दाट वेलीत उंदीर येतो, उंदरामागे घोणस. पंचाहत्तरीचा माणूस पहाटे चपला शोधतो तिथे ही जागा दिसायला मोकळी पाहिजे. चालायची वाट फरशीची करा, कारण फुलांवर मधमाश्या येतात आणि तिकडे अनवाणी फिरणारी पोट्टी असतात.

– हिंगणघाटचा काका

*

काका, नमस्कार.

जलपिंपळी म्हणजे लिपियाच ना? मी ब्रिस्बेनला आहे. इकडच्या मरे-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात, तुमच्यासारख्याच काळ्या चिकण मातीवर, या लिपियानं पूरमैदानातली कुरणं व्यापून टाकली आहेत. गुरांना खायला उरत नाही, मातीही वाहून जाते. वेडेलियाला नाही म्हणून हीच बला लावायची?

– पुसदची ताई

*

ताई, बरोबर अडवलंत.

तिकडे धुमाकूळ घालणारी फायला कॅनेसेन्स, मूळ दक्षिण अमेरिकेची. आपल्या नाल्याकाठची फायला नोडिफ्लोरा, चुलत बहीण म्हणा. ती इथलीच आहे आणि तिच्याबरोबर वाढणारं गवतही इथलंच आहे. तरी पसरण्याचा स्वभाव दोघींचा सारखा, म्हणून कडेला विटांची ओळ उभी गाडायची आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा विळ्यानं कड कापायची. कापलेलं उकिरड्यावर हिरवं टाकायचं नाही, उन्हात वाळवूनच. धुऱ्यावर गेली की शेजाऱ्याच्या तुरीत जाते आणि मग भांडण झाडाचं राहत नाही.

पर्थहून कोणी हौसेनं बॅगेत कांड्या आणू नका, नेऊही नका. कस्टमवाल्याला मंडळाचं नाव सांगून काही होणार नाही.

– काका

*

काका, ताई, दोघांचे आभार.

बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. घोणशीचं ऐकून दोन फुटांची मोकळी जागा लगेच मान्य. नाल्यावरची ती वेल त्यांना माहीत आहे, फक्त कोणी मुद्दाम लावेल असं वाटलं नव्हतं. पण म्हणाले, "अर्ध्यात तुमचं ते लावा, अर्ध्यात मला आंबाडी न् पालक पेरू द्या. पाणी द्यायचंच, तर खायच्या वस्तूला तरी देतो."

म्हणजे जलपिंपळी १५ फुटांतच. कांड्या किती लागतील?

– आर्णीवाला

*

भिंतीकडचे दोन फूट सोडून १५ गुणिले ६, म्हणजे नव्वद. शंभर आणा, थोड्या मरतात.

आंबाडी फाटकाच्या बाजूला घेऊ नका. बोंडांसाठी ठेवली तर डोक्याच्या वर जाते आणि कोण आलं ते दिसत नाही. पालक फाटकाकडे, आंबाडी पलीकडच्या टोकाला.

– काका