मदत हवी आहे: अलॉयला ओरखडे न पाडणारे व्हील नट आणि सॉकेट कुठले घ्यावेत?

मंडळी, प्रश्न तसा फालतू वाटेल पण चार दिवस डोक्यात तेच चाललंय म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे २०१५ ची होंडा सिटी आहे, दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने हौसेने बाहेरची १५ इंची अलॉय टाकलेली, आतून काळी आणि तोंडाला डायमंड कट (लेथवर कापून चमकवलेलं), आणि खरं सांगायचं तर मी गाडी त्या चाकांवर भाळूनच घेतली. गेल्या रविवारी टायर रोटेशनला सिंहगड रोडवरच्या एका दुकानात गेलो (नाव घेत नाही, रोज समोरून जावं लागतं), तिथल्या पोराने हवेची गन घेतली, टर्रर्र टर्रर्र, सोळाच्या सोळा नट काढून परत लावून मोकळा, मला चहा संपवायलाही वेळ मिळाला नाही. घरी येऊन पार्किंगमध्ये टॉर्च मारून बघतो तर नट ज्या भोकात बसतात ना, त्या भोकाच्या आतल्या भिंतीचा काळा रंग गोल गोल खरवडून खाली चांदी दिसतेय, आणि पुढच्या डाव्या चाकावर गन घसरून थेट डायमंड कटवर अर्धचंद्र काढलाय. फोन केला तर म्हणे, साहेब चाकं रस्त्यावर चालवायची असतात, शोकेसमध्ये ठेवायची नसतात. यावर काय बोलणार.

तर आता ठरवलंय की चाकं आपली आपण काढायची, सोसायटीत जॅक लावायला जागा आहे. नट १९ मिमीचे आहेत. व्हर्नियरने मोजलं तर भोक जेमतेम साडेअठ्ठावीस मिमी, आणि शेजाऱ्यांकडची गोटी (म्हणजे सॉकेट) आहे १९ चीच पण जाड भिंतीची, ती घातली की दोन्ही बाजूंना केसाएवढी फट राहते, म्हणजे जरा तिरकी झाली की घासलीच. ऑनलाइन त्या प्लॅस्टिकचं कव्हर घातलेल्या रंगीत गोट्या दिसतात १७, १९, २१ च्या, तीनचा सेट, त्या खरंच कामाच्या आहेत का नुसतं दिसायला? आणि नट पण बदलावेत का, ते बारीक तोंडाचे, चावी लावून काढायचे मिळतात तसले? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बजेट फार नाही पण दर वेळी असं रडायचं पण नाहीये.

बोहरी_आळी_रिटर्न
प्लॅस्टिकच्या स्लीव्हवाल्या गोट्या चांगल्याच असतात, मी दोन वर्षं वापरतोय. स्लीव्ह गोटीवर सैल फिरते, म्हणजे गोटी फिरली तरी भिंतीला लागलेलं प्लॅस्टिक जागच्या जागी राहतं, घासत नाही. पण घेताना व्हर्नियर खिशात घालून जा, कारण स्लीव्ह धरून बाहेरचा व्यास किती होतो ते महत्त्वाचं, काही सेटमध्ये भिंत जाड ठेवून वर स्लीव्ह चढवलेली असते, ती तुमच्या साडेअठ्ठावीसमध्ये जाणारच नाही. पाकिटावर पातळ भिंत लिहिलंय का बघा. आणि सहा कोनीच घ्या, बारा कोनी नको, ती नटाचे कोपरे खाते. रविवार पेठेत बोहरी आळीत दोन-तीन दुकानांत विचारलं तर हातात धरून बघायला मिळेल, ऑनलाइन घेऊन परत करत बसण्यापेक्षा बरं. सकाळी लवकर जा, नाहीतर गाडी कुठे लावणार हा वेगळा धागा काढावा लागेल.

आळशी_कासव
सायकलची जुनी ट्यूब कापून गोटीवर चढवा. दहा रुपये. धन्यवाद.

डबल_क्लच
कासवराव, ट्यूबची जाडी दोन्ही बाजूंना वाढणार, आणि इथे फट केसाएवढी, मग गोटी आत जाईल कशी? घरगुतीच करायचं तर इलेक्ट्रिकवाल्याकडे आक्रसणारी काळी नळी मिळते, गोटीवर घालून गरम हवा मारली की घट्ट बसते, ती पातळ असते.

पण धागाकर्ते, मला वेगळीच शंका येतेय. चाकं बाहेरची आहेत म्हणालात, नट कुठले आहेत? आधीच्या मालकाने अलॉयबरोबर नवीन नट घेतले की कंपनीचेच ठेवले? एक नट काढा आणि त्याचं बूड बघा. जिथे नट चाकाला टेकतो तो भाग घुमटासारखा गोल आहे की फनेलसारखा सरळ उतरता? फोटो टाका. तोवर ओरखड्यांचं बाजूला ठेवा.

धागाकर्ता
फोटो इथे चढत नाहीये पण सांगतो. आत्ता संध्याकाळी एक काढला. बूड गोल आहे, अर्ध्या चेंडूसारखं. आणि त्या गोल भागावर मधेच एक बारीक चमकणारी रेघ आलीये, बाकी सगळं मळकट. चाकाच्या भोकात टॉर्च मारून बघितलं तर तिथे मात्र उतार सरळ दिसतो, गोल नाही. हे वाईट आहे का?

डबल_क्लच
वाईट म्हणजे, बरं झालं ओरखडे पडले असं म्हणायची वेळ आहे. होंडा स्वतःच्या चाकांना गोल बुडाचे नट देते, बाहेरची अलॉय बहुतेक सगळी ६० अंशाच्या शंकूच्या बुडाची असतात. शंकूच्या खड्ड्यात चेंडू ठेवला तर तो फक्त एका रेघेवर टेकणार, तुम्हाला दिसली तीच ती रेघ. पूर्ण सपाटीवर दाब पडायच्या ऐवजी सगळा भार त्या रेघेवर, ॲल्युमिनियम मऊ, ते हळूहळू दबतं, आणि मग कितीही घट्ट केलेला नट असला तरी त्याचा ताण उतरतो. नट सुटतात, स्टड (नट ज्यावर फिरतो तो हबचा आटेवाला दांडा) तुटतात. दीड वर्षं निभावलं हे नशीब. नट बदलेपर्यंत हायवे नको, गावातही कामापुरतीच चालवा आणि जायच्या आधी पाना लावून बघा.

घ्यायचे काय: १२ गुणिले १.५ आट्याचे (१२ मिमी जाडी, आट्यांतलं अंतर १.५ मिमी), ६० अंश शंकू बुडाचे, बंद तोंडाचे, एकसंध पोलादी. आटे नीट बघा, मारुतीचे बरेच नट १२ गुणिले १.२५ असतात, दिसायला डिट्टो तेच, दुकानदार "सगळ्यांना बसतो" म्हणून देईल आणि दोन फेरे बसेलही, पुढे गनने जोर केला की स्टडचे आटे गेले. हाताने पाच-सहा फेरे अलगद फिरला तरच तो आपला.

धागाकर्ता
अरे बापरे. शनिवारी ताम्हिणीला जायचं ठरलं होतं, घरी सांगतो मावशीकडे जाऊ. (मावशी कर्वेनगरला आहे.)

म्हणजे नट बदलायचेच आहेत तर मग ते बारीक चावीवालेच घेऊ का? भोकात भरपूर जागा राहील.

बोहरी_आळी_रिटर्न
जागा राहते हे खरं, बारीक खाचांचे असतात ते, चावी नटावर चढते आणि चावीच्या मागच्या टोकाला तुमची नेहमीची १९ किंवा २१ ची गोटी लागते, ती भोकाच्या बाहेरच राहते त्यामुळे भिंतीला लागायचा प्रश्नच नाही. ओरखड्यांचा विचार केला तर हाच सगळ्यात चांगला उपाय. पण चावी हरवली तर रस्त्यात स्टेपनी बदलता येणार नाही आणि पंक्चरवाला तुमच्याकडे बघून हसेल. चावी पातळ असते, गनने मारली तर तडकते. मी असले लावले होते, एकदा सर्व्हिसिंगला गाडी दिली, चावी त्यांच्याकडेच राहिली, आठ दिवस जीव टांगणीला. आता साधे १९ चे सहा कोनी लावलेत. ॲल्युमिनियमचे रंगीबेरंगी नट तर मुळीच नको, हलके असतात पण आटे लवकर झिजतात.

पानेवाला_काका
नाना पेठेत तीस वर्षं स्पेअर पार्ट विकतोय म्हणून दोन शब्द. बाळांनो, नट घेताना वरची चकचकीत टोपी बघा. काही नट दोन तुकड्यांचे असतात, आत साधं पोलाद आणि वर पातळ पत्र्याची चमकदार टोपी दाबून बसवलेली. आत पाणी गेलं की गंज फुगतो, टोपी सुजते, आणि मग १९ ची गोटी जात नाही आणि २० ची सैल होते. पोरं हातोडीने गोटी ठोकतात तेव्हा चाकाची वाट लागते ती अशी. एकसंध ओतीव नव्हे, घडीव नट मागा, वर कोटिंग असलं की पुष्कळ. पावसाळा चार महिने असतो आपल्याकडे, चकाकी काय कामाची.

आणि जुने गोल बुडाचे नट फेकू नका! डिकीतली स्टेपनी कंपनीची लोखंडी रिम असेल ना, तिला तेच लागतात. चार नट पिशवीत घालून जॅकजवळ ठेवा. हे निम्म्या गिऱ्हाइकांना कुणी सांगतच नाही.

धागाकर्ता
काका, स्टेपनीचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. आता घट्ट किती करायचं तेवढं सांगा. बाबा फियाटच्या वेळी क्रॉस पान्यावर उभे राहायचे, तेव्हा ओरखडे बघायला होतं काय, लोखंडी रिम आणि वर वाटी.

डबल_क्लच
उभं राहू नका. गणित करा: पाना एक फुटाचा, म्हणजे ०.३ मीटर, माणूस ७० किलोचा, झाला जवळपास २०६ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर. सिटीला लागतात १०८, मॅन्युअलमध्ये ११ kgf·m लिहिलेलं असतं ते तेच. म्हणजे बाबा दुप्पट करत होते. जास्त ताणलं की स्टड लांबतो, चारही नट कमीजास्त असतील तर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरू शकतं आणि लोक डिस्क बदलत बसतात. गनचं पण तेच, तो पोरगा किती जोराने मारतो ते त्यालाही माहीत नसतं.

अर्ध्या इंची चौकोनाचा टॉर्क पाना घ्या, कट्ट आवाज करणारा. त्याने फक्त घट्ट करायचं, सोडवायला वेगळा लांब दांडा. काम झालं की सेटिंग खाली उतरवून ठेवा. आधी सगळे नट हाताने बसवा, चाक हवेत असतानाच समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, मग जॅक उतरवून शेवटचा टॉर्क. आट्यांना ग्रीस, ऑइल काही नको, तो १०८ चा आकडा कोरड्या आट्यांचा आहे, ओशटपणा असला की तेवढ्याच कट्टला प्रत्यक्षात ताण जास्त बसतो. ८०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा तपासा. आणि गोटी घालताना विस्ताराची दांडी छोटी वापरा, लांब दांडीला एका हाताने आधार दिला नाही तर गोटी तिरकी होते, घासते ती तिथेच.

आळशी_कासव
आमच्या सासऱ्यांची पोलो आहे, हेच सगळं तिला लागू का?

डबल_क्लच
नाही. तिला नट नसून बोल्ट असतात, १४ गुणिले १.५, डोकं १७ चं, बूड गोल, टॉर्क १२०. कंपनीच्या चाकांसाठी सांगतोय, चाकं बाहेरची असतील तर परत बूड बघणं आलं. आणि बोल्टची चाकं चढवताना हब आणि भोक जुळवायला एक जास्तीचा हात लागतो, सासऱ्यांना मदत करा.

धागाकर्ता
अपडेट. काल नाना पेठ आणि बोहरी आळी एका फेरीत उरकली. शंकू बुडाचे सोळा नट घेतले, दुकानात स्टडचा एक जुना तुकडा होता त्यावर फिरवून दाखवले. स्लीव्हवाली १९ ची गोटी बाहेरून सत्तावीस भरली, आत जाते आणि फिरते. टॉर्क पाना चुलतभावाकडून उसना आणला. आज सकाळी एकेक चाक करत चारही केली, अडीच तास लागले, कंबर गेली, पण भिंतीवर नवीन एक रेघ नाही. जुने नट काढताना मागच्या उजव्या चाकाचा एक तर इतका हलका सुटला की मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

जुने चार डिकीत ठेवलेत काका, बाकीचे बारा पण ठेवलेत, टाकवत नाहीत.

आता तो अर्धचंद्र तेवढा राहिला. त्याला काय लावू?

पानेवाला_काका
भोकातल्या भिंतीला काळा टचअप ब्रशने चालेल, आधी थिनरने पुसून घे. डायमंड कटचं मात्र तसं नाही, वरची पारदर्शक लॅकर फुटली की पाणी खाली शिरतं आणि पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरत जातात. सध्या कोरडं करून वरून पारदर्शक लॅकरचा हात मार, पाऊस यायच्या आत. नीट करायचं तर लेथवर परत कापावं लागतं आणि दर वेळी धातू जातो, एवढ्याशा खुणेसाठी मी तरी कापणार नाही.

धागाकर्ता
ठीक, लॅकर मारतो. ताम्हिणी पुढच्या शनिवारी, तोवर शंभर किलोमीटर करून परत पाना लावतो.